मुलांसाठी उपनगर म्हणता, पण मुलं तिथे एकटी जाणार कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या घरांच्या पुरवणीची मी जुनी वाचक आहे, म्हणजे घर घ्यायचं नसलं तरी वाचते, सवयच लागलीय. पण शहर सोडून उपनगरात राहायला निघालेल्या कुटुंबांसाठी त्यात जे लेख येतात ते वाचून हल्ली चिडचिड व्हायला लागलीय, म्हणून हे पत्र, आणि ते लांबणार आहे हे आधीच सांगून टाकते. सगळ्या लेखांचा साचा एकच. मोकळी हवा, गार्डन, क्लब हाऊस, जवळच नामांकित शाळा, स्टेशनपासून फक्त दहा मिनिटं आणि शेवटी 'कुटुंबांसाठी आदर्श' हा शिक्का. त्या दहा मिनिटांचं तर मला फार कुतूहल आहे. दहा मिनिटं कशाने? चालत, सायकलने, बसने, की रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावरून बिल्डरच्या गाडीने?

माझं म्हणणं थोडक्यात असं की जे ठिकाण आपण मुलांसाठी म्हणून निवडतो तिथे दहा-अकरा वर्षांचं मूल एकटं शाळेत, मैत्रिणीकडे, मैदानावर जाऊन परत येऊ शकत नसेल तर ते ठिकाण कुटुंबांसाठी नाहीये, ते फक्त एक खोली जास्त हवी असलेल्या लोकांसाठी आहे. आणि ही गोष्ट आईबाबांच्या ऑफिसच्या प्रवासापासून वेगळी काढताच येत नाही, कारण मूल जे एकटं करू शकत नाही ते सगळं त्याच आईबाबांना करावं लागतं, तेही ट्रेनमधून उभ्याने घरी आल्यावर.

आधी प्रवासाचंच घेऊ. लोक ट्रेनचा वेळ बघतात, पंचेचाळीस मिनिटं, ओके आहे म्हणतात आणि टोकन देऊन मोकळे होतात. पण घराच्या दारातून निघून ऑफिसच्या खुर्चीत बसेपर्यंतचा वेळ कोणी मोजत नाही. लिफ्ट, गेट, स्टेशनपर्यंतची बस किंवा पार्किंग शोधणं, जिना, प्लॅटफॉर्मवर थांबणं, मग ती पंचेचाळीस मिनिटं, मग तिकडे उतरून परत बस किंवा चालणं. पंचेचाळीसचे सहज सव्वा-दीड तास होतात, एका बाजूचे. याकोव्ह झहावी नावाच्या अभ्यासकाने १९७० च्या दशकात वेगवेगळ्या शहरांतले लोक प्रवासाला किती वेळ देतात ते तपासलं आणि त्या कामाच्या आधारावर चेझारे मार्केटी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलं की गाव असो की महानगर, पायी असो की गाडीने, माणसं सरासरी दिवसाला एक तासाच्या आसपासच प्रवास करतात, येऊन-जाऊन. वाहन वेगवान झालं की माणूस वेळ वाचवत नाही, तो लांब राहायला जातो. आता ही सरासरी आहे, कायदा नाही, रोज तीन तास प्रवास करणारे लाखो लोक आहेतच. पण ते वरचे दोन तास कुठून तरी येतात ना. झोपेतून येतात, मुलाच्या अभ्यासातून येतात, नवरा-बायकोच्या बोलण्यातून येतात.

आणि याची सवय होते म्हणतात ते मला पटत नाही. ब्रुनो फ्राय आणि अलोइस श्टुत्झर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या हजारो लोकांची अनेक वर्षांची माहिती घेऊन बघितलं. अर्थशास्त्राच्या पुस्तकी हिशोबाने लांबून येणाऱ्या माणसाला मोठं घर, स्वस्त घर किंवा जास्त पगार असं काहीतरी मिळत असणार, म्हणजे तो बाकीच्यांइतकाच समाधानी असायला हवा. तो नव्हता. जितका प्रवास लांब तितकं समाधान कमी. मला वाटतं यातलं कारण साधं आहे, जास्तीची खोली दोन महिन्यांत अंगवळणी पडते आणि दिसेनाशी होते, पण प्रवास रोज नव्याने त्रास देतो, आज सिग्नल फेल, उद्या बस आलीच नाही, परवा कोणाशी तरी भांडण. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना आदल्या दिवसातला प्रत्येक प्रसंग आठवून तो कसा वाटला ते लिहायला सांगितलं होतं, त्यात सगळ्यात खालचा नंबर लागला सकाळच्या प्रवासाचा. घरकामाच्याही खाली! हे वाचून मला हसू आलं, पण खरंय ते.

म्हणून घर बघायला जाणाऱ्यांना माझं सांगणं असतं की मॅपवरचे मिनिटं सोडा, कामाच्या दिवशी ऐन गर्दीच्या वेळी तो प्रवास खरोखर करून बघा, तोही दोन्ही बाजूंनी, कारण सकाळची आणि संध्याकाळची गर्दी वेगळी असते. आणि वेगापेक्षा गाड्या किती वेळाने आहेत ते जास्त बघा. दर दहा मिनिटांनी येणारी स्लो ट्रेन असेल तर एक चुकली तरी फार बिघडत नाही, पण चाळीस मिनिटांनी एक फास्ट असेल तर ऑफिसमधून निघताना बॉसने पाच मिनिटं बोलत ठेवलं की संध्याकाळ गेली. फास्ट गाडी तुमच्या स्टेशनला थांबते का तेही बघा, खूप ठिकाणी ती धडधडत निघून जाते आणि जाहिरातीत वेळ मात्र तिचाच छापलेला असतो. दुपारी काय असतं? मुलाला ताप आला, शाळेतून फोन आला, तर दुपारी दीड वाजता गाडी आहे का, की गर्दीची वेळ संपली की लाइन झोपते? रात्री शेवटची गाडी कधी? ती बंद पडली तर दुसरी लाइन, बस, काही आहे का? ज्या स्टेशनवरून गाडी सुटते तिथे राहिलात तर थोडं लांब असूनही परवडतं कारण बसायला मिळतं, बसलेला तास आणि उभ्याने लोंबकळत काढलेला तास हे दोन वेगळे तास आहेत हे रोज प्रवास करणाऱ्याला सांगायला नको.

वर्क फ्रॉम होमचा हिशोबही नीट करा. २०२० नंतर खूप जणांनी आठवड्यातून दोनच दिवस जायचंय म्हणून लांबची घरं घेतली आणि मग कंपन्यांनी हळूहळू परत बोलवायला सुरुवात केली, तीन दिवस, चार दिवस. घराचं लोन वीस वर्षांचं असतं, कंपनीची पॉलिसी एका ईमेलने बदलते. पाच दिवस जावं लागलं तर जमेल का, एवढं विचारा. नाही जमणार असं उत्तर आलं तर ते घर तुमचं नाही.

थोडा इतिहास सांगते, कारण तो या विषयात खरंच उपयोगी आहे. उपनगरं मुळात बऱ्याच ठिकाणी रेल्वे कंपन्यांनीच वसवली. लंडनमध्ये मेट्रोपॉलिटन रेल्वेने आपल्या लाइनच्या बाजूची जमीन घरांसाठी विकायला काढली आणि १९१५ पासून त्या भागाची 'मेट्रो-लँड' म्हणून जाहिरात केली. जपानमध्ये इचिझो कोबायाशी यांनी १९१० मध्ये ओसाकाहून एक लाइन सुरू केली आणि त्याच वर्षी लाइनवरच्या इकेदा इथे घरं बांधून ती हप्त्यांवर विकायला सुरुवात केली, तीच कंपनी पुढे हानक्यू म्हणून मोठी झाली. अर्थात हे लोक काही समाजसेवा करत नव्हते, पण एक गोष्ट होती, घर विकणारा आणि ट्रेन चालवणारा एकच असल्यामुळे ट्रेन नीट चालली नाही तर त्याचंच नुकसान होतं. मग १९४७ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेविटटाउन उभं राहिलं, बटाट्याच्या शेतांवर साधारण १७ हजार घरं, काही वर्षांत, आणि ते सगळं गाडी गृहीत धरून. (कुटुंबांसाठी आदर्श असं त्याचंही कौतुक झालं, फक्त काळ्या कुटुंबांना तिथे घर मिळत नव्हतं. 'कुटुंबांसाठी' म्हणजे कोणाच्या कुटुंबांसाठी हा प्रश्न जुनाच आहे.) आजचा बिल्डर चावी हातात देऊन निघून जातो. बस येते की नाही, फुटपाथ पूर्ण झाला की नाही, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं, त्यामुळे हे सगळं घेणाऱ्यालाच बघावं लागतं.

आता मुलांकडे येते. इंग्लंडमध्ये मेयर हिलमन नावाच्या अभ्यासकाने (मेयर हे त्यांचं नाव, पद नव्हे) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक तुलना केली होती, निवडक शाळांमधली सात-आठ वर्षांची मुलं मोठ्या माणसाशिवाय शाळेत जातात का. १९७१ मध्ये ८० टक्के जात होती. १९९० मध्ये ९ टक्के. एकोणीस वर्षांत! मुलं तेवढीच हुशार होती, शाळाही त्याच होत्या, रस्त्यावरच्या गाड्या वाढल्या आणि आईबाबांची भीती वाढली. मग भीतीपोटी आईबाबा मुलांना गाडीने सोडायला लागले, त्यामुळे शाळेसमोर गाड्या अजून वाढल्या, म्हणून उरलेल्यांनीही मुलांना चालत पाठवणं बंद केलं. कुठल्याही शाळेच्या गेटवर सकाळी उभं राहिलात तर हे चक्र डोळ्यांनी दिसतं.

गंमत म्हणजे यावरचा उपाय नगररचनावाल्यांना शंभर वर्षांपासून माहितीये. क्लॅरेन्स पेरी यांनी १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रादेशिक आराखड्यासाठी वस्तीचा एक नमुना मांडला होता, मधोमध प्राथमिक शाळा, घरापासून शाळा साधारण पाव मैलावर म्हणजे चारेकशे मीटरवर, मोठे रस्ते वस्तीच्या कडेने, म्हणजे शाळेत जाणाऱ्या मुलाला एकही मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. त्याच वर्षी न्यू जर्सीत रॅडबर्न वसायला लागलं, तिथे चालणाऱ्यांचे रस्ते आणि गाड्यांचे रस्ते वेगळे ठेवले, रस्त्याखालून जायला बोगदा केला. मंदी आली आणि ते अर्धवट राहिलं. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टपासून सुरुवात होऊन १९७६ मध्ये कायद्यातच असे निवासी रस्ते आले जिथे मुलं रस्त्यात खेळू शकतात आणि गाडीने माणसाच्या चालीने जायचं. म्हणजे हे स्वप्नरंजन नाहीये. कोणी तरी हे केलंय, अजूनही करतात, आपण घर बघायला जातो तेव्हा विचारत नाही एवढंच.

तर बघायचं काय? सॅम्पल फ्लॅटमध्ये तासभर घालवण्याऐवजी शाळा सुटायच्या वेळी शाळेबाहेर जाऊन उभं राहा. किती मुलं चालत किंवा सायकलवर निघतात आणि किती गाडीत बसतात ते नुसतं बघा, त्या पंधरा मिनिटांत जे कळतं ते कुठल्याही ब्रोशरमध्ये नसतं. मग शाळेपासून घरापर्यंत स्वतः चाला, आणि मुलाच्या उंचीवरून बघा, म्हणजे पार्क केलेल्या गाडीच्या पलीकडून येणारं वाहन त्याला दिसेल का. फुटपाथ सलग आहे की दर वीस पावलांवर उतरायला लागतं? मोठा रस्ता ओलांडायचाय तर तिथे सिग्नल आहे का आणि तो हिरवा किती वेळ राहतो, छोट्या पायांना पुरेल इतका? गाड्या किती जोरात जातात? तीसने जाणारी गाडी आणि साठने जाणारी गाडी यात वेगाचा फरक दुप्पट आहे पण धडकेतल्या ऊर्जेचा चौपट, आणि उपनगरातले रस्ते रुंद, सरळ, मोकळे असतात म्हणूनच तिथे लोक जोरात चालवतात. शहरातला गजबजलेला रस्ता वाईट दिसतो पण तिथे गाडी वीसच्या वर जातच नाही.

ट्रॅफिकचा अजून एक परिणाम आहे जो लक्षात येत नाही. डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोत तीन सारख्याच दिसणाऱ्या रस्त्यांवरच्या लोकांना विचारलं की या रस्त्यावर तुमचे मित्र किती. एका रस्त्यावरून दिवसाला साधारण २ हजार गाड्या जायच्या, दुसऱ्यावरून ८ हजार, तिसऱ्यावरून १६ हजार. कमी गाड्यांच्या रस्त्यावर माणशी सरासरी तीन मित्र निघाले, जास्तवाल्या रस्त्यावर एकही पूर्ण नाही, ०.९. नव्या जागी गेल्यावर ओळखी होत नाहीत, एकटं वाटतं, शेजारी कोण आहे माहिती नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी दारासमोरचा रस्ता बघावा.

आणि शांत म्हणून जे विकलं जातं तेही तपासा. बंद गल्ल्यांची, एकच गेट असलेली कॉलनी असते, आत अगदी शांत, छोटी मुलं सायकल फिरवतात, छान वाटतं. पण मुलाचा मित्र बरोबर भिंतीपलीकडच्या कॉलनीत राहतो, खिडकीतून त्याची खिडकी दिसते, आणि रस्त्याने जायचं तर दोन किलोमीटर, मेन रोडवरून. भिंतीत एक छोटं दार असतं तर दोन मिनिटं लागली असती. असं दार आहे का हा प्रश्न मी तरी सगळ्यात आधी विचारेन.

आता मला ज्यावर खरं बोलायचंय ते. लोक घर निवडतात तेव्हा मूल असतं तीन वर्षांचं, आणि सगळा विचार त्या तीन वर्षांच्या मुलाचा होतो. घसरगुंडी आहे का, वाळू आहे का, प्ले-स्कूल खाली आहे का. अहो, घसरगुंडीचं वय चार वर्षांत संपतं. लोन संपायच्या आत ते मूल तेरा वर्षांचं होणार, सोळाचं होणार, कॉलेजला जाणार. तेरा वर्षांच्या मुलीला त्या गार्डनमध्ये काय करायचंय? तिला मैत्रिणींना भेटायचंय, लायब्ररीत जायचंय, पोहायला, क्लासला, नाटकाच्या तालमीला जायचंय, काहीच नाही तर नुसतं कुठेतरी टाइमपास करत बसायचंय जिथे आई दिसत नाही. हे सगळं तिला स्वतःच्या पायांनी किंवा बसने करता आलं तर ती मोठी होते, नाही तर ती प्रत्येक गोष्टीसाठी गाडीची वाट बघत बसते आणि आई किंवा बाबा संध्याकाळी सात ते नऊ ड्रायव्हरची ड्युटी करतात. मग आपणच म्हणतो हल्लीची मुलं सारखी मोबाइलमध्ये असतात. जातील कुठे बिचारी, बाहेर आहे काय? म्हणून घर बघताना सोबत कोणाची तरी टीनएजर मुलगी किंवा मुलगा घेऊन जा असा माझा सल्ला आहे, आणि त्यांना विचारा तुला इथे राहायला आवडेल का, ते पाच मिनिटांत निकाल देतात आणि तो बहुतेक वेळा बरोबर असतो. संध्याकाळी सातनंतर बस आहे का हे त्यांनाच पहिल्यांदा सुचतं.

शाळेबद्दल फार लिहीत नाही कारण त्यावर सगळेच लिहितात. एवढंच, की निकालाचे आकडे बघताना लक्षात ठेवा त्यात शाळेच्या शिकवण्याइतकाच, कधी त्याहून जास्त, आईबाबांच्या शिक्षणाचा आणि पैशाचा वाटा असतो. आणि जवळ शाळा आहे म्हणजे तिथे प्रवेश मिळेल असं नाही, हे घर घ्यायच्या आधी शाळेत जाऊन विचारायचं असतं, नंतर नाही.

पुढचा मुद्दा बायकांचा आहे आणि तो पुरवणीत कधीच नसतो. दोघंही नोकरी करणारे, दोघांचीही ऑफिसं शहरात, आणि पाळणाघर बंद होतं संध्याकाळी ठरलेल्या वेळेला. दोघांपैकी कोणीतरी त्या वेळेला तिथे पोचायलाच हवं. कोण? कागदावर दोघंही, प्रत्यक्षात तीच. मग ती मीटिंग सोडून निघते, मग तिला मोठं काम देणं बंद होतं, मग वर्ष-दोन वर्षांत ती घराजवळची, कमी पगाराची, शिक्षणाशी संबंध नसलेली नोकरी शोधते किंवा सोडते. कोणी सांगितलेलं नसतं तिला सोड म्हणून, ते अंतराने सोडायला लावलं. त्यामुळे उपनगर बघताना तिथून फक्त शहराच्या मध्यभागी जायला किती वेळ लागतो एवढंच बघू नका, आजूबाजूला पाऊण तासात दुसऱ्या कुठल्या नोकऱ्या आहेत तेही बघा, दोघांच्याही क्षेत्रातल्या. स्टॉकहोमजवळ वेलिंगब्यू नावाचं उपनगर १९५४ मध्ये सुरू झालं, त्याची कल्पनाच अशी होती की काम, घर आणि मध्यवर्ती बाजार तिन्ही एका जागी, मेट्रो स्टेशनच्या भोवती. तरीही बरेच रहिवासी कामाला शहरातच जात राहिले, म्हणजे नुसती ऑफिसं बांधून नोकरी आणि माणूस जुळत नाही. पण स्टेशनवरून उतरल्यावर दुकानं, लायब्ररी, दवाखाना घराच्या वाटेवरच लागतात हा फायदा तर राहतोच, आणि लहान मूल कडेवर असलेल्या बाईला त्याची किंमत विचारा.

पैशाचा हिशोब एकाच वाक्यात सांगते, घराचा हप्ता आणि प्रवासाचा खर्च एकत्र मोजा. शिकागोची सेंटर फॉर नेबरहूड टेक्नॉलॉजी ही संस्था हेच सांगते, घरखर्च उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत, हे नेहमीचं माप पुरेसं नाही, घर आणि प्रवास मिळून ४५ टक्क्यांच्या आत बसतंय का बघा. स्वस्त उपनगरात घरात एकाऐवजी दोन गाड्या लागल्या की स्वस्ताई बऱ्यापैकी संपते, फक्त ती बँकेच्या कागदावर दिसत नाही म्हणून आपल्याला कळत नाही.

आणि कृपा करून होणाऱ्या गोष्टींवर घर घेऊ नका. होणारी मेट्रो, होणारा हायवे, होणारं हॉस्पिटल. जे आज चालू आहे तेवढंच धरा, बाकीचं झालं तर बोनस. रस्ता रुंद झाला की ट्रॅफिक सुटेल हे तर अजिबात धरू नका. जील द्युराँतों आणि मॅथ्यू टर्नर यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या शहरांचे आकडे लावून दाखवलं की मोठे रस्ते जितके वाढतात जवळपास तितक्याच प्रमाणात त्यांच्यावरची वाहतूकही वाढते. आज मोकळा दिसणारा नवा रस्ता तुमच्यासारख्याच अजून दहा हजार कुटुंबांना तिकडे बोलावतोय.

सगळी घरं एकाच वेळी, एकाच वयाच्या कुटुंबांनी भरलेली असतील तर तेही तपासून घ्या. सुरुवातीला स्वर्ग वाटतो, सगळीकडे बाळंच बाळं. टोकियोजवळच्या तामा न्यू टाउनमध्ये १९७१ पासून तरुण कुटुंबं राहायला आली, मुलं एकदम वाढली, मग एकदम मोठी होऊन निघून गेली, शाळा बंद पडल्या आणि लिफ्ट नसलेल्या पाच-पाच मजली इमारतींमध्ये म्हातारी माणसं राहिली. म्हणून ज्या वस्तीत आज्या, कॉलेजची पोरं, भाड्याने राहणारे, नवीन लग्न झालेले असे सगळे मिसळून आहेत ती मला जास्त भरवशाची वाटते, भले ती चकचकीत नसेल. आजी-आजोबांना पुढे आपल्याजवळ आणायचं असेल तर त्यांनाही गाडीशिवाय दवाखान्यात जाता येईल ना हे बघायचं, म्हणजे खरं तर दहा वर्षांच्या मुलाला आणि सत्तर वर्षांच्या माणसाला लागणाऱ्या गोष्टी सारख्याच आहेत. सलग फुटपाथ, बसायला बाक, सावली, सोपं क्रॉसिंग, वारंवार येणारी बस.

आधी वर्षभर भाड्याने राहून बघा असा सल्ला बरेच देतात. चांगला आहे, पण मूल शाळेत जाणारं असेल तर दोनदा शाळा बदलायला लागू शकते, त्यामुळे तो मूल लहान असतानाच खरा उपयोगी आहे. मोठ्या मुलांचं कुटुंब असेल तर निदान सुट्टीत आठ-दहा दिवस तिथे कोणाकडे तरी राहून रोज तिथूनच कामाला जाऊन यावं, वैताग आला तर तो फुकटात आला असं समजावं.

आता तुमच्याकडून काय हवंय ते. प्रत्येक उपनगराच्या लेखासोबत एक छोटी चौकट छापा, त्यात क्लब हाऊस नको, तर गर्दीच्या वेळी दारापासून दारापर्यंत लागलेला वेळ, दुपारी आणि रात्री दहाला दोन गाड्यांमधलं अंतर, शाळेत चालत येणाऱ्या मुलांचा अंदाज आणि गाडी न वापरता पंधरा मिनिटांत काय काय गाठता येतं, एवढं असू दे. जाहिरातदार नाराज होतील हे मला समजतं. पण चांगली उपनगरंही आहेतच की, साधी, स्टेशनला चिकटलेली, जरा जुनाट दिसणारी, ज्यांची जाहिरात करायला कोणी नाही, त्यांचा नंबर या चौकटीमुळे वर येईल. आणि त्यासाठी रिपोर्टरला पाठवाल तेव्हा सोमवारी सकाळी आठला पाठवा, ट्रेनने पाठवा, आणि शक्य असेल तर त्याच्या हातात एक मूल आणि एक दप्तर द्या.

आपली,
एक नियमित वाचक